शब्द खुळे, ठेका पक्का : हिप-हॉप ऐकणाऱ्यांचे प्रश्न

हिप-हॉपबद्दल येणाऱ्या पत्रांत एक तक्रार पुन्हा पुन्हा दिसते : संगीत आवडतं, पण शब्द पोरकट वाटतात, त्याचं काय करायचं? या वेळी त्याच तक्रारीभोवतीची सहा पत्रं घेतली आहेत.

प्रश्न : नाट्यगीतं आणि भावगीतं ऐकत मोठा झालो, त्यामुळे गाणं लागलं की आधी शब्दांकडे कान जातो. मुलामुळे हिप-हॉप ऐकू लागलो आणि ठेका मनापासून आवडला. पण एका गाण्यात कपड्यांच्या ब्रँडचं नाव नुसतं घोकलंय, दुसरं काही नाहीच. असं गाणं आवडणं म्हणजे अभिरुची घसरली का? (एक वाचक, सांगली)

नाही घसरली. तुमचा कान बरोबर काम करतोय, फक्त तो जे ऐकतोय त्याला 'शब्द' या खात्यात टाकू नका.

तुम्ही म्हणता ते गाणं बहुधा अटलांटाकडच्या मिगोस या त्रिकुटाचं २०१३ सालचं 'वर्साची' असावं. त्याचं धृवपद म्हणजे जवळजवळ ते एकच नाव. आता टेबलावर सावकाश ठेका धरा आणि प्रत्येक ठोक्याला एकदा 'वर्-सा-ची' म्हणा. एका मात्रेचे तीन समान भाग होतात आणि प्रत्येक भागावर एक उच्चार बसतो. तबलेवाले याला तिस्र जाती म्हणतील. चार मात्रांच्या एका आवर्तनात ते नाव बरोबर चार वेळा मावतं, कुठे फट राहत नाही. आता त्या जागी 'गुची' घालून बघा. दोनच उच्चार, त्यामुळे तिसरी जागा रिकामी पडते आणि लय लंगडते. मग 'बटाटा' घालून बघा, ठेका पुन्हा जागेवर येतो! म्हणजे त्या ओळीत महत्त्वाचं काय आहे, तर तीन उच्चार आणि मधल्यावर येणारा जोर. ब्रँडचा दिमाख वरून मिळालेला. ही तीन-तीनची चाल मिगोसनी शोधली असंही नाही. मेम्फिसचे रॅपर ती नव्वदच्या दशकातच वापरत होते. पण या धृवपदामुळे ती घरोघर पोचली आणि पुढची काही वर्षं निम्मे रॅपर तशीच अक्षरं टाकू लागले.

हे रॅपच्या मुळातच आहे. हिप-हॉपचा जन्म ११ ऑगस्ट १९७३ चा मानतात. न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात १५२० सेजविक ॲव्हेन्यू या इमारतीच्या सभागृहात सिंडी कॅम्पबेल या मुलीनं पार्टी ठेवली होती आणि तिचा भाऊ क्लाइव्ह, म्हणजेच डीजे कूल हर्क, तबकड्या वाजवत होता. नाचणारे कुठल्या जागी सर्वांत जास्त उसळतात हे त्यानं हेरलं होतं : गाणं थांबतं आणि नुसते ड्रम उरतात तिथे. मग एकाच रेकॉर्डच्या दोन प्रती दोन टर्नटेबलांवर ठेवून तो तेवढाच तुकडा आलटून पालटून लांबवू लागला. माइकवर त्याचा मित्र कोक ला रॉक असे. त्याचं काम होतं मित्रांची नावं पुकारणं आणि गर्दीला चेव आणणं. तिथे कविता कुणीच मागितली नव्हती. पायांना लय हवी होती, आणि आवाजानं ती वाढवायची होती. 'धिरधिर किटतक'चा अर्थ काय, असं तबल्याच्या मैफिलीत कुणी विचारत नाही, तसंच हे.

मात्र कुठलेही शब्द चालतात असं यातून निघत नाही. हिप-हॉपमध्ये शब्दांचा खरा गुन्हा खुळेपणा हा नाही, चोरी हा आहे. १९७९ सालचं 'रॅपर्स डिलाइट' हे रॅपचं पहिलं मोठं गाजलेलं गाणं. त्यात मित्राच्या घरी बेचव जेवण वाढलं जातं आणि पाहुण्याची पंचाईत होते, यावर एक अख्खं कडवं आहे. ते खुळं आहे, छान आहे, त्याला कुणी नावं ठेवत नाही. नावं ठेवतात ती बिग बँक हँक या गायकाला. त्यानं ग्रँडमास्टर कॅझ या दुसऱ्या रॅपरच्या वहीतल्या ओळी इतक्या जशाच्या तशा घेतल्या, की कॅझ स्वतःच्या टोपणनावाची स्पेलिंग सांगतो ती ओळसुद्धा बदलली नाही. पंचेचाळीसहून अधिक वर्षं झाली, तरी जाणकार ही गोष्ट विसरलेले नाहीत.

आमचं मत विचाराल तर खुळेपणा माफ, आळस नाही. ब्रँडचं नाव लयीत चपखल बसवणारा गायक मेहनत करतोय. गंभीर विषय घेऊन प्रत्येक ओळ ओढूनताणून यमकावर आपटणारा करत नाहीये.

प्रश्न : शब्द मुद्दाम खुळे आहेत की गायकाला काही जमलेलंच नाही, हे ओळखायचं कसं? (एक वाचिका, ठाणे)

आधी तुम्ही कशावर ऐकता ते बघा. निम्म्या तक्रारींचं मूळ तिथे असतं. आजच्या ट्रॅप पद्धतीच्या (खोल बेस आणि जलद हाय-हॅट असलेल्या) गाण्यात खालचा सगळा भार '८०८' उचलतं. रोलँड कंपनीनं १९८० ते १९८३ या काळात बनवलेल्या टीआर-८०८ या ड्रम मशीनच्या किकचा, म्हणजे सर्वांत खालच्या स्वराच्या ड्रमचा, हा वारसा. तो ठोका लांबवून त्यालाच बेस करतात. त्याचा मूळ स्वर साधारण ४० ते ६० हर्ट्झच्या आसपास असतो आणि मोबाइलच्या इवल्याशा स्पीकरला २०० हर्ट्झच्या खालचं फारसं झेपत नाही. त्यामुळे गाण्याचा पायाच गायब होतो, उरतात टिकटिक करणाऱ्या हाय-हॅटच्या झांजा आणि एक माणूस काहीतरी बडबडतोय असा आवाज. कुठलेही शब्द तेव्हा मूर्खासारखेच वाटणार. वायरचे साधे हेडफोन लावा, फक्त ते कानात घट्ट बसले पाहिजेत. सैल बसले तर बेस पुन्हा गळतो.

मग सोळा आवर्तनांचं एक कडवं निवडा. जुन्या धाटणीच्या गाण्याची लय साधारण ९० बीपीएम (मिनिटाला ९० ठोके) असते, म्हणजे चार मात्रांचं एक आवर्तन सुमारे २.७ सेकंदांचं आणि सगळं कडवं जेमतेम ४३ सेकंदांचं. ट्रॅप असेल तर लय मोजणाऱ्या ॲपमध्ये १४० दिसेल, पण शरीराला ती लय ७० ची वाटते. ठेका ७० नेच धरा.

पहिल्यांदा शब्दांकडे लक्ष न देता फक्त टाळी द्या आणि गायक समेवर येतो, आधी येतो की मागे रेंगाळतो ते बघा. चांगला गायक यातली एक जागा निवडतो आणि ती सोडतो तेव्हा मुद्दाम सोडतो. कच्चा गायक पहिल्या दोन आवर्तनांत समेवर असतो, पाचव्यापर्यंत घसरतो आणि घाई करून परत येतो. दुसऱ्यांदा यमकं ऐका. सगळी ओळीच्या शेवटीच पडतात का? १९८७ मध्ये एरिक बी आणि राकिम या जोडीचा 'पेड इन फुल' हा अल्बम आला. तेव्हापासून ओळीच्या पोटातली यमकं ही कसबाची खूण समजतात. तिसऱ्यांदा श्वास शोधा. वाक्य अर्ध्यात तोडून श्वास घेतला असेल तर शब्द लयीसाठी लिहिलेले नाहीत, लयीवर कोंबलेले आहेत.

शब्दांचा अर्थ चौथ्यांदा ऐकताना बघा. तोवर तो खुळा आहे की नाही याची काळजी बरीचशी मिटलेली असते. एमएफ डूम या मुखवटेवाल्या रॅपरच्या ओळी पहिल्यांदा ऐकताना असंबद्ध वाटतात : खाणंपिणं, कॉमिक्समधले खलनायक, मध्येच काहीतरी भलतंच. कागदावर लिहून स्वर अधोरेखित करा, मग दिसतं की चार-चार, पाच-पाच उच्चारांच्या साखळ्या एकमेकींशी जुळल्यात आणि विषय त्या साखळीच्या मागून गेलाय. २००४ चा 'मॅडव्हिलनी' हा अल्बम यासाठी घ्या. गाणी छोटी आहेत आणि बऱ्याच गाण्यांना धृवपदच नाही, त्यामुळे अभ्यासाला सोपी पडतात.

प्रश्न : पूर्वीच्या हिप-हॉपमध्ये अर्थ होता, आता नुसता कचरा आहे, असं का? (एक वाचक, नागपूर)

तसं नाही. 'पूर्वी'मध्येही दोन्ही होतं आणि एकाच कंपनीच्या कपाटात होतं. वर सांगितलेलं बेचव जेवणाचं गाणं १९७९ मध्ये शुगर हिल रेकॉर्ड्सनं काढलं, आणि गरीब वस्तीतल्या आयुष्यावरचं 'द मेसेज' हे ग्रँडमास्टर फ्लॅश अँड द फ्युरियस फाइव्हचं गाणंही १९८२ मध्ये त्याच कंपनीनं काढलं.

'द मेसेज'चं शेवटचं कडवं एका मुलाचा जन्मापासून तुरुंगातल्या मृत्यूपर्यंतचा प्रवास सांगतं. ऐकून अंगावर काटा येतो. पण ते कडवं त्या गाण्यासाठी लिहिलेलंच नव्हतं. त्याच गटातल्या मेली मेलनं ते १९७९ मध्येच 'सुपररॅपिन' या पार्टीच्या गाण्यात म्हटलं होतं. तिथे बारा मिनिटांची धमाल चालू, पाच जण एकमेकांच्या हातातून ओळी घेतायत, त्या गदारोळात हे कडवं आलं आणि गेलं. तीन वर्षांनी लय संथ झाली, सिंथेसायझरची थंड धून आली, शब्दांच्या आजूबाजूला मोकळी जागा आली आणि लोकांना तेच शब्द पहिल्यांदा ऐकू आले.

म्हणून आजच्या गाण्यांना कचरा म्हणण्याआधी त्यांना मोकळी जागा किती मिळालीय ते बघा. काही गाणी खरंच पोकळ असतात, १९८२ मध्येही होती. ती विसरली गेली म्हणून आपल्याला तो काळ सोन्याचा वाटतो.

प्रश्न : अमेरिकन इंग्रजी बोलीभाषा कळत नाही. शब्द न कळता ऐकण्यात अर्थ आहे का? (एक वाचक, रत्नागिरी)

आहे. शब्द छापील वाचायचे असतील तर दोनदा ऐकून झाल्यावर वाचा, आधी नको, नाहीतर डोळे वाचत राहतात आणि कान झोपतो. आणि कळलं नाही म्हणजे खुळं, अशी घाई करू नका. मिसी एलियट या रॅपरच्या २००२ च्या 'वर्क इट'मध्ये एक ओळ ऐकताना निव्वळ अगम्य वाटते. प्रत्यक्षात ती आधीच्या ओळीचं रेकॉर्डिंग उलटं फिरवून वाजवलेलं आहे, आणि आधीच्या ओळीत तिनं 'उलटवते' असं सांगितलेलंही आहे. वर्षानुवर्षं लोक ती ओळ अर्थ न कळता गुणगुणत होते.

प्रश्न : मी मराठीत रॅप लिहितो. मित्र म्हणतात शब्द बालिश आहेत, मराठी रॅप समाजाबद्दलच हवा. शब्द सुधारण्यासाठी नेमकं काय करू? (कॉलेजातला एक वाचक, अमरावती)

विषयाचं आधी निकालात काढू. २०१९ मध्ये मुंबईच्या स्वदेसी या चमूनं आरेतले आदिवासी कार्यकर्ते प्रकाश भोईर यांना सोबत घेऊन आरेच्या जंगलासाठी 'द वारली रिव्होल्ट' केलं, तिथे प्रत्येक शब्दाला वजन आहे. २०२४ मध्ये क्रेटेक्स आणि श्रेयस यांचं 'तांबडी चामडी' जगभर वाजलं. ठेका हाउसचा, म्हणजे क्लबमधल्या इलेक्ट्रॉनिक नाचगाण्यांचा, आणि शब्द निव्वळ नादासाठी. दोन्ही मराठीच, आणि दोघांनाही आपण काय करतोय ते पक्कं ठाऊक आहे. तुमचा विषय बालिश असायला आमची हरकत नाही. 'अरिंग मिरिंग लवंगा चिरिंग'वर पोसलेल्या भाषेला तरी ती नसावी.

तुमच्या पाठवलेल्या कडव्यात अडचण वेगळी आहे. सोळापैकी अकरा ओळी '-तो'वर संपतात : चालतो, बोलतो, झुलतो, भुलतो. मराठीत क्रियापद शेवटी येतं आणि प्रत्यय सारखे असतात, त्यामुळे यमक फुकट मिळतं. फुकटचं यमक कानाला आधीच कळतं. दुसऱ्या ओळीला ऐकणारा पुढचा '-तो' तुमच्याआधी म्हणून टाकतो आणि बालिशपणाचा शिक्का बसतो. उपाय सोपा आहे. क्रियापद ओळीच्या पोटात ढकला आणि शेवटी नाम येऊ द्या. 'भर दुपारी चालतो' ऐवजी 'चालतो मी भर दुपारी' केलं की पुढे 'खिशात नुसती उधारी' येऊ शकते. मग दोन शब्दांची जोडी जुळवायला लागा : 'गर्दीत लोकल' आणि 'वर्दीत पोकळ'. 'ल' आणि 'ळ' वेगळे आहेत म्हणून अडू नका. वेगात म्हणताना कान स्वर पकडतो, व्यंजनातला एवढा फरक तो सोडून देतो.

दुसरी चूक मोजण्याची. तुम्ही लिहिलेली अक्षरं मोजता. 'करणार' लिहिताना चार अक्षरं, बोलताना 'कर-णार', दोनच उच्चार. 'सांगितलं' लिहिताना चार, बोलताना 'सां-गित-लं', तीन. अक्षरं मोजून भरलेली ओळ म्हणताना तोकडी पडते, मग ती भरायला 'भावा', 'यो', 'ऐक ना' येतात. तेच मित्रांना खटकतंय.

वहीत प्रत्येक आवर्तनासाठी सोळा चौकोन आखा, चार-चारच्या गटात. एका चौकोनात एक उच्चार. ९० बीपीएमला एक चौकोन सेकंदाच्या सहाव्या भागाएवढा होतो, म्हणून सुरुवातीला दहा ते बाराच चौकोन भरा आणि दर दुसऱ्या आवर्तनाच्या शेवटी दोन रिकामे ठेवा. श्वास तिथे घ्यायचा. प्रत्येक गटाच्या पहिल्या चौकोनात जोर घेणारा उच्चार यायला हवा. 'पा-ऊस'मधला 'पा' तिथे शोभतो, 'आणि' शोभत नाही. जोडाक्षरं आणि लागोपाठचे 'ण', 'ळ' जीभ अडवतात, ते संथ जागी ठेवा.

ओळ टिकते का हे बघताना ती नुसती वाचू नका, बीट (गाण्यामागचं तयार संगीत) लावूनही म्हणू नका. फक्त मेट्रोनोमवर, म्हणजे नुसता ठोका देणाऱ्या यंत्रावर किंवा ॲपवर, म्हणा. वाचताना लयीतली चूक लपते आणि बीटवर शब्दांतली. एखादी ओळ गाळून कडव्याचा तोल बिघडत नसेल तर ती गाळा, कितीही आवडती असली तरी.

रेकॉर्डिंगमध्येही शब्द खुळे होतात, कारण अर्धे ऐकू येत नाहीत. माइक तोंडापासून १५ ते २० सेंटीमीटर, किंचित तिरका, मध्ये पॉप फिल्टर (तोंडातल्या हवेचा झोत अडवणारी जाळी). नाहीतर 'प', 'फ', 'भ' फुटतात. मीटरवर सर्वांत मोठा आवाज उणे ६ डेसिबलच्या वर जाऊ देऊ नका. मग बीटमधल्या २ ते ४ किलोहर्ट्झच्या पट्ट्यात दोन-तीन डेसिबल कमी करा. व्यंजनांचा स्पष्टपणा त्याच पट्ट्यात असतो, तिथे सिंथेसायझर आणि स्नेअर (तीक्ष्ण आवाजाचा ड्रम) दाटी करतात. आणि सगळं कडवं दोनदा गाऊन एकावर एक ठेवू नका. फक्त यमकाचे शब्द दुसऱ्यांदा गाऊन वर ठेवा.

प्रश्न : माझी दहा वर्षांची मुलगी रॅप गुणगुणते. काही गाण्यांत शिव्या आणि बायकांबद्दल घाणेरडं बोलणं आहे. तेही 'खुळे शब्द' म्हणून सोडून द्यायचं का? (एक आई, पुणे)

नाही. खुळेपणाला आम्ही मोकळीक दिली, या गोष्टीला देत नाही. बाईला वस्तू म्हणणारी ओळ लयीत चपखल बसली तरी तिचा अर्थ बदलत नाही, उलट चपखल बसल्यामुळे ती तोंडात घोळत राहते. मोठ्या माणसानं ठेका आवडला म्हणून असं गाणं ऐकलं तर निदान तो काय ऐकतोय हे त्याला ठाऊक असतं. दहा वर्षांच्या मुलीला ठाऊक नसतं.

बहुतेक संगीत ॲपच्या सेटिंगमध्ये 'एक्स्प्लिसिट' आशय बंद करायची सोय असते. ती आधी लावा. पण ती गाण्याचे शब्द तपासत नाही. गाणं अपलोड करणाऱ्यानं जी खूण केली असेल तीच बघते. मोठ्या अमेरिकन कंपन्या ही खूण नेमानं करतात, कारण १९८५ पासून तिथे यावर सार्वजनिक वाद झाला आणि पुढे अल्बमवर पालकांसाठीचं लेबल लावायची पद्धत पडली. आपल्याकडच्या स्वतंत्र हिंदी-मराठी रॅपमध्ये ती खूण बऱ्याचदा नसतेच, त्यामुळे गाळणी त्यांना सरळ आत सोडते. दुसरा धोका 'क्लीन' आवृत्तीचा. तिच्यात शिवीच्या जागी शांतता असते, पण ओळीचा आशय तोच राहतो. शिवी गेली म्हणून गाणं मुलांचं झालं असं धरू नका.

तिला ठेका आवडतोय, तेव्हा ठेका काढून घेऊ नका. बऱ्याच हिप-हॉप गाण्यांची 'इन्स्ट्रुमेंटल' आवृत्ती मिळते, शब्द वगळून नुसतं संगीत. ती लावा आणि तिला तिचे शब्द घालू द्या. तिच्या वयाला तीन उच्चारांचे शब्द पटकन सापडतात. एखाद्या ओळीचा अर्थ तिनं विचारला तर गाणं थांबवून खरं सांगा. न सांगता बंद केलेलं गाणं ती मैत्रिणीकडे पूर्ण ऐकते.